साफ्वेत-बेग बाशागिच: कवी, सभापती आणि याद्या करणारा माणूस

प्रश्न असा आला आहे: "बोस्नियाविषयी वाचताना बाशागिच हे नाव सारखं भेटतं. एके ठिकाणी त्याला बोस्नियाक कवी म्हटलंय, दुसरीकडे क्रोएट, तिसरीकडे नुसताच मुस्लीम जमीनदार. हा माणूस नेमका कोण होता, आणि त्याचं आज काय उरलंय?"

मी उत्तर मागच्या टोकाकडून सुरू करतो, कारण माझी त्याची ओळख तिकडूनच झाली. माझं आयुष्य फारसी आणि मोडी कागदांच्या सूच्या करण्यात गेलं. त्यामुळे बाशागिच मला आधी भेटला तो हस्तलिखितं गोळा करून त्यांच्या याद्या करणारा माणूस म्हणून. तो कविता लिहायचा आणि एका विधिमंडळाचा अध्यक्ष होता, हे पुढे कळलं. आणि खरं सांगायचं तर तिन्हींत त्याचं सर्वांत टिकाऊ काम याद्यांचंच आहे, असं माझं मत झालंय. बोस्नियातल्या लोकांना हे पटेलच असं नाही.

आधी 'बोस्नियाक' या शब्दाचा घोळ सोडवू. बोस्नियात राहणारा कोणीही बोस्नियन. त्यातले मुस्लीम परंपरेतले स्लाव्ह लोक म्हणजे बोस्नियाक. ऑर्थोडॉक्स स्वतःला सर्ब म्हणवतात, कॅथलिक क्रोएट म्हणवतात. तिघांची बोली इतकी एक की बाजारात कोण कुठला हे बोलण्यावरून ओळखू येत नाही. या मुस्लिमांना शेजारी शतकानुशतकं 'तुर्क' म्हणत आले, पण बहुतेकांना तुर्की येत नव्हतं. युगोस्लाव्हियात पुढे पुढे त्यांची राष्ट्रीयता 'मुस्लीम' अशीच नोंदवली जायची. 'बोस्नियाक' हे जुनं नाव त्यांनी अधिकृतपणे पुन्हा घेतलं ते १९९३ मध्ये, ऐन युद्धात. बाशागिच त्याच्या कितीतरी आधीचा. त्याच्या काळात हे नाव कोणाचं, यावरच भांडण चालू होतं आणि त्या भांडणात तो स्वतः उतरला होता.

जन्म १८७० चा, हर्झगोविनामधल्या नेवेसिन्ये गावी. पाचच वर्षांनी याच भागात उस्मानी सत्तेविरुद्ध उठाव झाला, आणि १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजा बोस्नियात शिरल्या. म्हणजे पोरगा तुर्की अमलाखाली जन्मला, पण शाळेत गेला तो व्हिएन्नाच्या अमलाखाली. वडील इब्राहिम-बेग उस्मानी अधिकारी होते आणि तुर्कीत कविता करायचे. आईचं माहेर चेंगिच घराण्यातलं. इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट गंमतशीर आहे. त्या घराण्यातला स्माइल-आगा चेंगिच म्हणजे आईचे आजोबा. १८४० मध्ये माँटेनेग्रोच्या लोकांनी त्याला मारलं, आणि सहा वर्षांनी इव्हान माझुरानिच या क्रोएट कवीने त्या मरणावर एक खंडकाव्य लिहिलं. क्रोएट शाळांतून ते पिढ्यान् पिढ्या पाठ करून घेतलं गेलं. त्यात आगा म्हणजे जुलमी खलनायक. ज्याचा पणजोबा क्रोएट साहित्यातला सर्वांत प्रसिद्ध दुष्ट, तोच माणूस पुढे काही काळ स्वतःला क्रोएट म्हणवून घेतो.

पण त्याआधी 'बोश्न्याकू' ही कविता. 'बोश्न्याक'ला उद्देशून, म्हणजे 'बोस्नियाकास'. १८९१ साल, कवी २१ वर्षांचा, अजून साराएव्होच्या शाळेत. त्याच वर्षी मेहमेद-बेग कापेतानोविच ल्युबुशाक या सरदाराने 'बोश्न्याक' नावाचंच पत्र काढलं होतं. कवितेतला मजकूर थोडक्यात असा: अरे बोस्नियाका, फार दिवस झाले नाहीत, शपथेवर सांगतो, पंधरा वर्षंसुद्धा झाली नाहीत, आपल्या या बोस्नियात आणि हर्झगोविनात, त्रेबिन्येपासून ब्रोडच्या वेशीपर्यंत, ना कोणी सर्ब होता ना क्रोएट. पंधरा वर्षं मागे मोजलीत तर तुम्ही ऑस्ट्रियाच्या फौजा येण्याच्या अगदी तोंडावर पोचता. सर्ब आणि क्रोएट ही नावं शेजारच्या देशांतून परवा-परवा आयात झाली, असं त्याचं म्हणणं. इतिहास म्हणून ते एवढं सरळ नाही, पण आजही बोस्नियाक राष्ट्रवादी या ओळी म्हणतात.

मला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. पहिली ओळ मोठ्याने म्हणून पाहा: झ्नाश बोश्न्याचे, निये दाव्नो बिलो. चार अक्षरं, किंचित थांबा, मग सहा. याला तिकडे देसेतेरात्स म्हणतात, दहा अक्षरांचा छंद. आपल्याकडे शाहीर डफ-तुणतुण्यावर पोवाडा म्हणतो, तसे तिकडचे गायक गुस्ले नावाच्या तंतुवाद्यावर याच चालीत वीरगाथा म्हणतात. सर्ब हा छंद आपल्या राष्ट्राचा श्वास मानतात, क्रोएटही मानतात, आणि मुस्लीम गायकांच्या गाथा तर सगळ्यांत लांब. 'इथे सर्ब नव्हते, क्रोएट नव्हते' हे सांगायला पोराने जो साचा उचलला, तो तिघांच्याही घरातला. त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. तरी त्याने तीच चाल घेतली, आणि हेच त्याच्या बोस्नियाचं खरं चित्र आहे.

मग तो क्रोएट कसा झाला? १८९५ मध्ये तो व्हिएन्नाला अरबी-फारसी शिकायला गेला. तिथे आणि झाग्रेब या क्रोएट शहरात मित्र झाले ते क्रोएट लेखक-विद्यार्थी. पहिला कवितासंग्रह १८९६ मध्ये झाग्रेबला छापला. त्याचं नाव 'त्रोफांदा' या शब्दाने सुरू होतं. त्रोफांदा म्हणजे हंगामाआधी बाजारात आलेलं पहिलं फळ. पुढच्या शब्दांचा अर्थ 'हर्झगोविनाच्या ओकांच्या राईतलं' असा. मिर्झा साफ्वेत हे त्याचं टोपणनाव. क्रोएट भाषेची नुसती कुजबुज पूर्व आणि पश्चिम, गाणं आणि बुद्धी यांना जोडू शकते, अशा अर्थाच्या त्याच्या ओळी क्रोएट लोक मोठ्या हौसेने उद्धृत करतात. बोस्नियाक 'बोश्न्याकू' उद्धृत करतात. दोघेही खोटं बोलत नाहीत. फक्त दुसऱ्याची कविता वगळतात.

माझं मत विचाराल तर त्या काळच्या शिकलेल्या मुस्लीम तरुणासाठी 'क्रोएट' किंवा 'सर्ब' म्हणवून घेणं हे रक्ताचं नातं सांगणं नव्हतं. कुठली लिपी, कुठला प्रकाशक, कुठल्या शहरातले मित्र, एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ असायचा. एकाच घरात एक भाऊ सर्ब, दुसरा क्रोएट आणि बाप 'तुर्क' असं तिकडे घडलेलं आहे. वरून सरकारचा हात होताच. बोस्नियाचा कारभार पाहणारा मंत्री बेनी कालाय याला सर्ब-क्रोएट दोन्ही राष्ट्रवाद नको होते, म्हणून तो 'बोस्नियाक' ही एकच ओळख रुजवायच्या खटपटीत होता. या गृहस्थाने पूर्वी सर्बांचा इतिहास लिहिला होता, आणि मंत्री झाल्यावर तोच इतिहास बोस्नियात येऊ दिला नाही! १९०३ मध्ये कालाय वारला आणि सरकारी बोस्नियाकपणही त्याच्याबरोबर गेलं.

व्हिएन्नाहून परतल्यावरची दहा वर्षं ही त्याची कामाची वर्षं. १९०० मध्ये एद्हेम मुलाब्दिच आणि ओस्मान नुरी हाजिच यांच्यासोबत त्याने 'बेहार' हे नियतकालिक काढलं. बेहार म्हणजे फळझाडाला येणारा मोहर. आपला 'बहार' तो हाच, फारसीतून एक शब्द पश्चिमेला गेला आणि एक दक्षिणेला आला. (असे शब्द तिकडे ढिगाने सापडतात: दुकानाला दुचान, पेटीला सांदुक, वैऱ्याला दुश्मन, साबणाला सापुन. पहिल्यांदा बोस्नियन ऐकताना मला दर दोन वाक्यांमागे कोणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं वाटायचं.) 'बेहार' दहा-अकरा वर्षं चाललं. १९०३ मध्ये 'गायरेत' ही संस्था निघाली. आपल्याकडचा 'गैरत' तोच शब्द, पण तिकडे अर्थ झटून प्रयत्न असा. गरीब मुस्लीम मुलांना शिकायला पैसे द्यायचे, हे तिचं काम.

ही संस्था मला कवितांपेक्षा महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रियाचा अंमल आल्यावर हजारो मुस्लीम कुटुंबं घरदार विकून इस्तंबूलकडे निघून गेली होती. जे राहिले त्यांना सरकारी शाळा परक्या धर्माच्या वाटत. मुलगा मदरशात गेला तर नोकरी नाही, सरकारी शाळेत गेला तर गाव नावं ठेवणार. अशा वेळी एक बेग, म्हणजे मुस्लीम जमीनदार, तोही व्हिएन्नाला शिकून आलेला, उभा राहून म्हणतो की पोरांना शाळेत घाला, फी आम्ही भरतो. पुढे 'गायरेत' सर्ब बाजूला झुकली, मग क्रोएट बाजूच्यांनी दुसरी संस्था काढली, तो भाग मी सोडून देतो.

आता 'राजकारणी' हा भाग. ऑस्ट्रियाने १९०८ मध्ये बोस्निया कायमचा आपल्या राज्यात सामील करून घेतला आणि १९१० मध्ये एक घटना दिली, त्यातून 'साबोर' म्हणजे विधिमंडळ आलं. निवडून आलेले ७२ सभासद, आणि पदसिद्ध २०. निवडून आलेल्या जागाही धर्मावर वाटलेल्या: ऑर्थोडॉक्स ३१, मुस्लीम २४, कॅथलिक १६, ज्यू १. अध्यक्ष आणि दोन उपाध्यक्ष नेमायचा सम्राट, तिघे तीन धर्मांचे. पहिला अध्यक्ष अली-बेग फिर्दुस लवकरच वारला आणि बाशागिच त्याच्या जागी आला. साबोरच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, १५ जून १९१० ला, बोग्दान झेराइच नावाच्या सर्ब विद्यार्थ्याने राज्यपालावर पाच गोळ्या झाडल्या, पाचही चुकल्या, सहावी त्याने स्वतःवर घेतली. चार वर्षांनी ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रांत्स फेर्डिनांड याला मारणारा गावरिलो प्रिन्सिप याच झेराइचला गुरू मानत होता.

साबोरकडे खरी सत्ता किती? जवळजवळ नाहीच. कायदा केला तरी व्हिएन्ना आणि बुडापेस्ट दोघांनी मान हलवल्याशिवाय तो लागू होत नसे. पण एक प्रश्न असा होता की तिथे तो टाळता येईना, तो म्हणजे कुळांचा. बोस्नियात कुळाला 'क्मेत' म्हणत. सरकारला दशमांश, जमिनीच्या मालकाला साधारण तिसरा हिस्सा. कोकणात खोतीचा हिशेब ज्याच्या घरात झालाय त्याला हे फार समजावून सांगायला नको. पण आपल्याकडे नसलेली एक गाठ तिथे होती. १९१० च्या गणनेत कुळं असलेले जमीनदार ९१ टक्के मुस्लीम, आणि कुळं सुमारे ७४ टक्के ऑर्थोडॉक्स. म्हणजे जमिनीवर कोणीही बोललं की ते धर्मावर बोलल्यासारखं व्हायचं. १९११ मध्ये कायदा झाला तो स्वेच्छेने खंडमुक्तीचा: मालक राजी असेल तर कूळ कर्ज काढून जमीन विकत घेणार. सर्ब प्रतिनिधींना सक्तीची मुक्ती हवी होती, बेगांना ती अजिबात नको होती. बाशागिच बेग होता, आणि बेगांच्या घरातला माणूस अशा वेळी जसा वागेल तसाच वागला. त्याला मोठा मुत्सद्दी ठरवायची हौस असणारे हा भाग गाळतात. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर साबोर बंद पडलं, १९१५ मध्ये विसर्जित झालं. १९१८ नंतरच्या नव्या युगोस्लाव्ह राज्याने पुढच्याच वर्षी जमिनी कुळांना देऊन टाकल्या.

ज्या १९१० मध्ये तो साबोरमध्ये बसला, त्याच वर्षी व्हिएन्नाच्या विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. दोन वर्षांनी प्रबंध साराएव्होत पुस्तक होऊन आला; विषय, इस्लामी साहित्यातले बोस्नियन आणि हर्झगोविनियन लेखक. हे वाक्य तुम्हाला रुक्ष वाटलं असेल. त्यामागचं काम कसं असतं ते सांगतो.

एक बाड घ्या. चामडी बांधणी, आत तुर्की किंवा फारसी मजकूर. लेखक कोण? मुखपृष्ठ नावाची गोष्ट नसते. पहिल्या पानावर एखादी मालकीची शाईची मोहोर, शेवटी नकलनविसाने केलेली नोंद: अमुक महिन्यात, तमुक गावी लिहून पुरं झालं. लेखकाचं नाव प्रस्तावनेत कुठेतरी ओझरतं येतं, आणि त्याला शेपूट असतं. आपल्याकडे 'दौलताबादी', 'बिजापुरी' असतं, तसं तिथे 'बोस्नवी' किंवा 'मोस्तारी'. तेवढाच धागा. मग तो धागा धरून इस्तंबूलच्या कवींची चरित्रं देणारे जुने संग्रह चाळायचे, त्यांत कुठे 'हा मूळचा बोस्नियाचा' असं अर्धं वाक्य सापडतं का बघायचं. जिथे शेपूट इस्तंबूलचं आहे, पण जन्म बोस्नियाचा, तिथे तर नुसता अंधार. मी दख्खनी फारसीच्या बाडांत असे धागे शोधत दिवसचे दिवस घालवलेत. एका दिवसात एक नाव हाती लागलं तर तो दिवस चांगला. बाशागिचने असे चारशे वर्षांचे लेखक गोळा केले.

त्यात कोण कोण निघाले बघा. सुदी बोस्नवी, सोळाव्या शतकातला. फारसी कवी हाफिजच्या दिवाणावरची, म्हणजे काव्यसंग्रहावरची, त्याची तुर्की टीका (भाष्य) युरोपीय विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात हाफिज वाचायला हाताशी धरली. सादीच्या 'गुलिस्ताँ'वरही त्याने टीका लिहिली, ज्या 'गुलिस्ताँ'वर आपल्याकडे कारकुनांच्या पिढ्या फारसी शिकल्या. मोस्तारचा फेव्झी, ज्याने १७३९ मध्ये त्याच धर्तीवर फारसीत 'बुल्बुलिस्तान' लिहिलं. प्रुसात्स या लहानशा गावचा काझी हसन काफी, ज्याने राज्य का बिघडतं यावर अरबीत पुस्तक लिहिलं. ते बाशागिचने पुढे स्वतः भाषांतरित केलं. ज्यांना शेजारी अडाणी बेग आणि धर्मांतरित शेतकरी समजत होते, त्यांच्यातून अरबी, फारसी, तुर्की या तिन्ही भाषांत लिहिणारे शेकडो लेखक झाले होते, आणि हे खुद्द त्यांच्या नातवंडांना माहीत नव्हतं. त्या तीन भाषा वाचणारे घरातून संपत चालले होते, आणि नवी पिढी जर्मन शिकत होती.

या कामासाठी त्याने हस्तलिखितं जमवली. आणि १९२४ मध्ये तो संग्रह विकला. घेतला कोणी? चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या विद्यापीठ ग्रंथालयाने, जे स्वतः पाच वर्षांपूर्वी जन्मलं होतं. २८४ हस्तलिखित खंड आणि त्याहून जास्त छापील पुस्तकं. त्या वेळी तो साराएव्होच्या संग्रहालयात नोकरीला होता. देशाचा ठेवा परक्या मुलखात गेला ही हळहळ बोस्नियात अनेक वर्षं राहिली, आणि १९९२ पर्यंत ती बरोबरही होती.

१७ मे १९९२ ला साराएव्होला वेढा घातलेल्या सर्ब सैन्याच्या तोफांनी तिथली प्राच्यविद्या संस्था जाळली. ५२६३ हस्तलिखितं होती, जवळजवळ सगळी गेली. २५ ऑगस्टच्या रात्री विएच्नित्सा पेटवली, ती जुनी नगरपालिकेची इमारत, जिथे बाशागिचचं साबोर भरायचं आणि जिथून निघाल्यावर काही मिनिटांत आर्चड्यूक फ्रांत्स फेर्डिनांड मारला गेला. युद्धाच्या वेळी ते राष्ट्रीय ग्रंथालय होतं. कागदाची काळी राख दोन-तीन दिवस शहरावर पडत होती. गाझी हुस्रेव-बेग ग्रंथालयाचा संग्रह तेवढा माणसांनी जीव धोक्यात घालून, जागा बदलत बदलत वाचवला. ब्रातिस्लाव्हातलं कपाट शांत होतं. १९९७ मध्ये युनेस्कोने तो संग्रह जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतला. बाशागिचला हे कुठून कळणार? त्याने तेव्हा विकला तो विकला.

कवी म्हणून तो केवढा, हे विचारलं नाहीत, तरी सांगतो: मध्यम. त्याच्याहून चांगला कवी मुसा चाझिम चातिच, ज्याचं चित्र आज बोस्नियाच्या ५० मार्कांच्या नोटेवर आहे. बाशागिचच्या कविता वाचताना तो फारसी गझलेच्या बागेत फिरतोय आणि हातात जर्मन पाठ्यपुस्तक आहे असं सारखं वाटतं. अपवाद एक, भाषांतरांचा. १९२८ मध्ये त्याने उमर खय्यामच्या रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविता, थेट फारसीतून आपल्या भाषेत आणल्या. युरोप तेव्हा खय्याम फिट्झजेराल्ड या इंग्रज कवीच्या भाषांतरातून पीत होता. मराठी वाचकाला इथे दुसरं एक नाव आठवेल: पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, माधव ज्यूलियन यांनी रुबाया फारसीवरूनच मराठीत आणल्या. दोघेही फारसीचे पंडित, दोघेही कवी. एकमेकांची नावं त्यांनी ऐकली असतील याला काही आधार नाही.

बाशागिच ९ एप्रिल १९३४ ला साराएव्होत वारला. गाझी हुस्रेव-बेग मशिदीच्या आवारात त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूच्या तीन वर्षं आधी छापलेलं शेवटचं मोठं पुस्तक पुन्हा एक यादीच आहे, उस्मानी साम्राज्यात नाव काढलेल्या माणसांची. त्याच्या शीर्षकात त्याने तीन नावं एका ओळीत ठेवली आहेत: क्रोएट, बोस्नियाक, हर्झगोविनियन. १८९१ च्या कवितेत नाकारलेलं एक नाव १९३१ मध्ये पहिल्या जागी. तुमच्या पहिल्या प्रश्नाला यापेक्षा नेमकं उत्तर त्याने स्वतः कुठे दिलेलं मला सापडलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र पुस्तकांपाशी थांबू नका. ब्रातिस्लाव्हातली काही हस्तलिखितं आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पानापानाने पाहता येतात. लिपी येत नसली तरी उघडा. पहिलं पान आणि शेवटचं पान, एवढंच बघा; समासात कोणी काय खरडलंय, शाई कुठे फुटली आहे, पाणी कुठून शिरलं होतं. बाशागिचने ती तशीच, एकेक करून, हातात धरली होती.